ताम्हणातली दीर्घिका

"ताम्हण हलवलंस तर हात तोडीन, गधड्या!"

काका ओरडत होते. काशीच्या रामघाटावर, सकाळी नऊ वाजता... पलीकडच्या वाळूत झोपलेली कुत्रीसुद्धा दचकून उठली.

मंडळी, तुमच्या भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त हसायला वाचल्या. पिंपळ काय, पांढरी साडी काय — छे! मी बँकेतला माणूस, घरी आठ इंची दुर्बीण. अख्ख्या बनारसला आकाश मीच शिकवलं म्हणा ना.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घाटाच्या पायऱ्यांवरून दोनदा घसरले. तिसऱ्यांदा थेट गंगेत. पण ऑपरेशन नको! का? तर पितरांच्या तर्पणाला दक्षिणेकडे तोंड केलं की म्हणे आभाळात उजेडाचा एक गळ दिसतो, मासे धरायचा असतो तसा.

"डोळा कापला की तो जाईल रे."

"मग तो कसा दिसतो ते तिळांनी काढून दाखवा," मी म्हणालो. "आभाळात तसं काही निघालं तर ऑपरेशनचं नाव काढणार नाही. नाही निघालं तर मुकाट चलायचं."

म्हणून तो आरडाओरडा. काकांनी ओल्या ताम्हणात काळे तीळ बोटानं सरकवले... एक टोक वाकडं, दुसरं फाटलेलं, बाजूला सात सुटे तीळ. झाला पसारा! मी मोबाइलवर फोटो काढला आणि त्यांची जिरवायला घरी येऊन आकाशाचे नकाशे उघडले.

सापडलं हो. पार दक्षिणेला, उडत्या माशाच्या तारकासमूहात, कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर एक दीर्घिका आहे. तोच गळ. सातही तारे जागच्या जागी. आणि ती काशीच्या क्षितिजावर कधी उगवतच नाही! काका तर मिर्झापूरच्या पुढे गेलेले नाहीत.

मी परत गेलो.

"काय निघालं रे?"

"काही नाही, काका. नुसते तीळ."

हो, खोटं बोललो. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, झकास झालं. त्या तिळांचा उलगडा मला अजून झालेला नाही... आणि कमेंटमध्ये 'पूर्वजन्म' लिहिणाऱ्यांनी आपलं ज्ञान गंगेत सोडावं.

पट्टी निघाल्यावर काकांना घाटावर नेलं. दक्षिणेकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

"दिसतो का गळ?" मी विचारलं.

"नाही. आता तू दिसतोस."