गाडी ठेवायची का काढायची?

मोडकी वस्तू दारात उभी राहिली की तिच्यावर धूळ बसायच्या आधी किस्से बसतात. आमच्या उदगीरच्या घरापुढं अप्पांची मोटरसायकल उभी होती ना, तिच्यावर तर थरच चढले!

अप्पा म्हणजे माझे वडील, डाळीचे व्यापारी. मुखेडच्या बाजाराला जाताना समोर म्हैस आली, अप्पांनी गाडी वळवली आणि ती बाभळीला धडकली. अप्पा उडून सोयाबीनच्या भुसकटात पडले, म्हणून हात मोडण्यावर भागलं. गाडीचं मात्र पुढचं चाक पार इंजिनात घुसलं.

तेव्हापासून घरात एकच वाद. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, "या घरात एक तर ही गाडी राहील, न्हाईतर मी!"

अप्पा म्हणायचे, "इचार करू की."

मी अव्वाच्या पार्टीत. एम.एस्सी. झालेय, पण काळीज चिमणीचं. कुकरची शिट्टी झाली तरी किंचाळते. अव्वा शिट्ट्या मोजतच नाही. माझ्या किंकाळ्या मोजते आणि गॅस बंद करते. अप्पा परत त्या गाडीवर बसणार, या विचारानंच मला घाम फुटायचा.

*

अपघात झाला की भेटायला जायचं, ही आपल्याकडची रीत. पण पाहुणे आधी गाडीपाशी थांबायचे. चुकचुकायचे. टाकीवरून हात फिरवायचे. मग आत येऊन, हात गळ्यात बांधून बसलेल्या अप्पांना विचारायचे, "लई लागलंय की हो! वाचंल का?"

अर्धापूरहून आत्या आली, केळ्यांची फणी घेऊन. तिनं अप्पांच्या कपाळाला विभूती लावली, माझ्या लावली आणि जाताना गाडीच्या हेडलाइटलाही तीन बोटं ओढली!

आणि दर पाहुण्यागणिक अप्पांची म्हैस वाढत चालली. आधी ती साधी म्हैस होती. मग माजलेला रेडा झाला. मग अख्खा कळप आला. शेवटी अव्वा आतून ओरडली, "बस करा! अजून दोन पाहुणे आले तर हत्ती यील!"

*

गॅरेजवाले सलीमभाई गाडीची टाकी आणि पत्रे काढून घेऊन गेले. "बघतो, जमतंय का."

त्यानंतर एकदा अप्पा एक्स-रे काढायला लातूरला गेले होते. घरी मी आणि अव्वा. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अप्पांच्या घरून बोलायलाव का? अप्पांची बॉडी इथं पडलीय. लई चेपलीय. घेऊन जाता का आम्हीच विल्हेवाट लावू?"

मी अशी किंचाळले, अशी किंचाळले, की आत अव्वानं गॅस बंद केला!

मग अव्वाला सांगितलं. तिनं हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. फोन गॅरेजमधून होता, बॉडी गाडीची होती; पण कोण बोलतंय हे विचारायचं भान कुणाला? तेवढ्यात लातूरहून अप्पा आले आणि गर्दीच्या मागं उभे राहिले.

"काय झालं हो?" त्यांनी शेजारच्या काकूंना विचारलं.

काकूंनी पदर डोळ्याला लावला होता. मागं न बघताच म्हणाल्या, "अप्पा गेले."

उदगीरात अप्पा काय कमी आहेत? आमच्या अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "अरेरे! कोणते?"

*

मुखेडचे मामा आले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "दाजी, मला द्या. मागं दोन चाकं लावतो, कोळपं जोडतो आन् सोयाबीनमधी फिरवतो. तणच राहायचं न्हाई!"

अप्पांनी जेवणाचं ताट सारलं. "माझ्या गाडीला बैल करतूस का रे?"

*

शेवटी अव्वानंच भंगारवाल्याला बोलावलं. अप्पांनी त्याला ओसरीवर बसवलं. पाणी दिलं.

"गाव कोणतं तुमचं?"

"निलंगा."

"घरी कोण कोण असतंय? गाडी सावलीत ठेवणार का उन्हात?"

भंगारवाला गोंधळला. "अप्पा, आम्ही तोडतो."

"मग उठा," अप्पा म्हणाले.

अव्वा दारात उभी होती. "पोरीला बघायला आले तवा एवढे प्रश्न इचारले न्हाईत!"

*

हात बरा झाला, पण गाडी नाही म्हणून अप्पा घरात. घरात म्हणजे स्वयंपाकघरात! "मिरची करपायलीय बघ." "भाकर एका अंगाला जाड व्हायलीय." अव्वा दातओठ खात भाकरी थापायची. मग एका सकाळी त्यांनी सगळे डबे काढून उंचीप्रमाणे लावले. अव्वानं नेहमीच्या जागेवर हात घातला आणि चहात मीठ पडलं.

अव्वानं थेट सलीमभाईंना फोन लावला. "भाऊ, गाडी दुरुस्त करा. लवकरात लवकर!"

मी रडकुंडीला आले. "अव्वा! परत पडतील ते!"

"एकटं सोडतंय कोण? तू मागं बसायचीस. जोरात पळवली की वरड."

गाडी आली. नवं चाक, नवा पत्रा, आणि हेडलाइटवर विभूतीच्या पुसट खुणा तशाच. अप्पा बसले. मी डोळे मिटून मागं बसले.

सलीमभाई म्हणाले, "इंजन टकाटक हाय, ब्रेक नवा टाकलाय. फक्त हॉर्न वाजंना झालाय. दुसरा बसवू का?"

अप्पांनी किक मारली. सायलेन्सर फाटकन वाजला आणि मी किंचाळले. गल्लीच्या तोंडाशी आडवी बसलेली म्हैस धडपडत उठली आणि बाजूला झाली.

अप्पांनी सलीमभाईंकडं बघितलं.

"राहू द्या," म्हणाले.