साय आली नाही

लॅबवालीला दुधाचा चहा चालत नसे. वीस वर्षं रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये फिरवून तिला दुधाचीच शिसारी बसली होती. धडधाकट माणसाचं रक्त फिरवलं की वर स्वच्छ, पिवळसर पाणी उरतं. काहींचं मात्र दुधासारखं गढूळ. तसली नळी हातात आली की ती नाक मुरडायची, "आला बघा, लोण्याचा गोळा!"

आजची गढूळ नळी सख्ख्या भावाची होती.

मागच्या वर्षी रक्तातल्या याच चरबीनं दादाचं स्वादुपिंड सुजलं होतं. मरता मरता वाचला. पुन्हा सुजलं तर खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून त्याचं ताट हिच्या हुकमात. तेल, लोणी, अंडं हद्दपार. बदल्यात जॅम-पाव, 'चरबीमुक्त' बिस्किटं आणि दिवसातून तीनदा फळांचा गोड रस.

"चोरून खातोस ना?" तिनं फोनवरच फैलावर घेतलं.

"तुझ्या गळ्याची शपथ!"

"माझा गळा कशाला? स्वतःचा घे की!"

"माझ्या गळ्यात तुझा जॅम अडकलाय, बाई. आता मुंग्या लागायच्या बाकी आहेत."

"शी! वर तोंड करून बोलतोस."

पुराव्यानिशी पकडायचं ठरवून तिनं नळी फ्रिजमध्ये उभी ठेवली. खाल्लेल्या चरबीची रात्रभरात वर साय धरते. चोरी उघडी.

सकाळी तिनं नळी उजेडात धरली. साय नव्हती. वरपासून खालपर्यंत एकसारखं गढूळ.

लॅबच्या परीक्षेत कधीकाळी तिनंच लिहिलं होतं: असं गढूळपण ताटातल्या लोण्याचं नसतं, जास्तीच्या साखर-मैद्याची चरबी यकृत स्वतःच बनवतं आणि रक्तात सोडतं. दादानं चोरी केलीच नव्हती. ती सांगेल ते गुमान गिळत होता.

ती तडक त्याच्या घरी गेली. रसाच्या बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. गोड, आंबूस वास नाकात गेला, बोटं चिकटली. घासूनही चिकटपणा जाईना. तिला त्या बोटांचीच किळस आली.

"चोर सापडला वाटतं?" दादा दारात उभा राहून हसला.

"सापडला." तिनं बिस्किटांचा डबा कचऱ्यात उपडा केला. "चप्पल घाल. डॉक्टरांकडे जाऊ. तुझं ताट आता ते ठरवतील."