तेल पडलं आणि सासरे उठले

तेलाचा भाव पडला म्हणून खूश होणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आमच्या सासऱ्यांइतक्या जोरात कुणी टाळी वाजवली नसेल. ते टाळी वाजवायचे आणि त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच घरचा चहा पीत, मी कपाळाला हात लावायचो. कारण मी तेल काढणाऱ्या कंपनीत विहिरीवरची यंत्रं सांभाळतो. भाव चढला की आम्हाला बोनस, पडला की साहेबांची तोंडं लांब. सासऱ्यांचं गणित बरोबर उलटं. एकाच बातमीवर एका घरात दोघं जण अशी उलटसुलट तोंडं करून बसलेले बघून माझी बायको हसून हसून बेजार व्हायची.

बाबा, म्हणजे सासरे, काचेचे कारागीर. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा फुंकणी तोंडाला लावली. दिव्यांच्या काचा, औषधांच्या बरण्या, रंगीत वाडगे, सगळं नळीच्या टोकाला लालबुंद गोळा घेऊन फुंकर मारून करायचं. चाळीस वर्षं एकाच कारखान्यात काढली. ती भट्टी तेलावर चालायची आणि दिवसरात्र जळत ठेवावी लागायची, मनात आलं की पेटवावी आणि काम झालं की बंद करावी असलं ते काम नव्हे. चार वर्षांपूर्वी तेल असं काही भडकलं की मालकीणबाईंनी एक दिवस कॉक फिरवला आणि भट्टी गार झाली.

तेव्हापासून बाबा एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर पहारेकरी. स्टूल, नोंदवही, आणि गाडी आली की दांडा वर करायचा. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मजेत आहे, बसून पगार मिळतो." पण हा माणूस पाण्याचा ग्लास उचलला की आधी उजेडात धरून बघायचा, मग प्यायचा. त्यांची मजा आम्हाला दिसत होती.

आणि मग या वर्षी तेल घसरायला लागलं. ऐंशी, बहात्तर, पासष्ट, एकोणसाठ! बाबांनी फाटकावरूनच मालकीणबाईंना फोन लावला. बाई वस्ताद. मागे एकदा भाव उतरला म्हणून घाईने भट्टी पेटवून त्यांनी हात पोळून घेतले होते, महिन्याभरात तेल पुन्हा वर गेलं होतं. त्या म्हणाल्या, "आजपासून सलग दहा दिवस पिंपामागे साठ डॉलरच्या खाली राहू दे. अकराव्या दिवशी टँकर मागवते. एक दिवस जरी वर गेलं तरी नाव काढायचं नाही."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी तिसऱ्या मजल्यावरून खाली त्यांच्याकडे चहाला उतरलो की दारातच प्रश्न.

"जावईबापू, आज किती?"

"अठ्ठावन्न."

टाळी! शेजारच्यांचं बाळ दचकून रडायला लागायचं. सासूबाई वाटाणे सोलता सोलता म्हणायच्या, "दिवस दुसरा."

तेल उतरल्याची हवा बाहेरही होतीच. बाबा संध्याकाळी फाटकावरच्या बातम्या आणायचे. एका गाडीत दाटीवाटीने जाणारे चार साहेब आता चार गाड्यांतून जायला लागले. पेट्रोल परवडत नाही म्हणून ज्यांनी सायकल घेतली होती, त्यांनी ती गच्चीत नेऊन तिच्यावर टॉवेल वाळत घातले. किराणावाला सामान फुकट घरपोच द्यायला लागला. बसवाल्यांनी मात्र भाडं तेवढंच ठेवलं. तेल चढलं की यांना रातोरात कळतं आणि उतरलं की यांच्यापर्यंत बातमीच पोचत नाही, असं म्हणून बाबांनी कंडक्टरशी भर बसमध्ये वाद घातला आणि दोन थांबे आधी उतरून चालत घरी आले. तेही हसत!

सातव्या दिवशी माझ्या कंपनीने माझी विहीर बंद केली. सहा महिने काम नाही, पगार नाही, पुढचं पुढे बघू, असं साहेबांनी उभ्या उभ्या सांगितलं. मी घरी आलो तर खाली बाबा जुनी फुंकणी राखेने घासत बसलेले, सासूबाई त्यांचा कामाचा सदरा शिवत बसलेल्या. त्या घरात मी कोणत्या तोंडाने बोलणार? मी मूग गिळून गप्प बसलो. बायकोलाही सांगितलं नाही. सकाळी डबा घेऊन निघायचो आणि बागेत बसून तो संपवायचो.

नवव्या दिवशी मी फोन उघडला आणि भाव दोनदा वाचला.

"किती?" बाबांचे हात टाळीसाठी वर गेलेले.

"एकसष्ट."

हात तसेच हवेत राहिले. मला वाटलं ते चिडतील. पण ते सासूबाईंकडे बघायला लागले, चोरी पकडली गेल्यासारखे. सासूबाई म्हणाल्या, "सांगून टाका आता. जावई काही परका नाही."

मग जे बाहेर आलं ते ऐकून मी खुर्चीतून उठलोच. काच वितळवायची ती मातीची मोठी भांडी, त्यांना मूस म्हणतात. नवी मूस एकदम मोठ्या आगीत ठेवली तर फुटते. आधी बाजूच्या छोट्या भट्टीत लाकडावर सात-आठ दिवस हळूहळू तापवावी लागते. बाबांनी विचार केला, अकराव्या दिवशी टँकर आल्यावर आठवडाभर वाट कोण बघणार? कारखान्याच्या मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडेच राहिलेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरच्या तीन कोऱ्या मुशी उतरवल्या आणि तापत घातल्या! ते फाटकावर असताना जाळ कोण बघत होतं? सासूबाई. बहिणीकडे जाते म्हणून निघायच्या आणि दिवसभर लाकडं सारायच्या. संध्याकाळी दोघं मिळून जाड ओंडके आत घालून भट्टीचं तोंड मातीने लिंपून यायचे. आणि मी समजत होतो की त्यांच्या बहिणीची तब्येत बरी नाही.

"आता जाळ थांबवला तर?" मी विचारलं.

"तडकतील. गार होताना बारीक तडा जातोच. मग काच गळते."

"मालकीणबाईंना?"

"मीच फोन करतो," बाबा म्हणाले. "चोरून केलं, पण चोरून मोडणार नाही."

आम्ही कारखान्यात पोचलो आणि पाठोपाठ बाई घरातल्या चपलांवर आल्या. छोट्या भट्टीच्या भोकातून आत बघितलं. तिन्ही मुशी आत मंद लाल दिसत होत्या.

"कधीपासून?"

"सात दिवस झाले."

"मला विचारायचं होतं."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालेच असते!" बाईंचा आवाज चढला. "उद्या तेल पुन्हा सत्तर झालं तर टँकरभर तेल आणि तीन मुशी, सगळं माझ्या गळ्यात!"

बाबांनी मान खाली घातली. "मुशींचं काय ते मी भरून देतो. फाटकावरच्या पगारातून. पुन्हा या दारात येणार नाही." सासूबाईंनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. चाळीस वर्षांचं काम त्या दोन वाक्यांत संपत होतं आणि मला ते बघवेना.

तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तेलातले ना? तुम्हीच सांगा. उद्या चढणार की उतरणार?"

उद्याचं मला काय ठाऊक? ते कुणालाच ठाऊक नसतं. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती आणि ती मी दोन दिवस दाबून ठेवली होती.

"बाई, रोजचा भाव मला कळत नाही," मी म्हणालो. "पण परवा कंपनीने माझी विहीर बंद केली. माझी एकट्याची नाही, आसपासच्या पाच. सहा महिने. तेल लवकर वर येईल असं वाटलं असतं तर त्यांनी एकही बंद केली नसती. त्यांचा हिशोब चुकूही शकतो, पण आम्हाला घरी बसवून त्यांनी पैज लावली आहे. एकसष्ट ही नुसती आजची उचकी आहे."

आत लाकूड फुटल्याचा आवाज आला. सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "परवा? मग काल डबा कुठे खाल्लात?"

"बागेत."

बाबांच्या चेहऱ्यावर आनंदही होता आणि त्या आनंदाची लाजही. मालकीणबाईंनी पुन्हा एकदा भोकातून आत बघितलं, बराच वेळ. मग पदराने घाम पुसला आणि फोन काढला.

"टँकर आजच पाठवा. हो, आजच!"

मग काय धावपळ उडाली! बाबांनी इमारतीत फोन करून स्टुलाचा राजीनामा दिला. कुणी धुराडं साफ करायला चढलं, कुणी जुन्या कारागिरांना निरोप द्यायला धावलं. आगीला हवा देणारा पंखा चार वर्षांत गंजून घट्ट बसलेला. तो मी उघडला. दोन दिवसांनी हातात पाना आला होता, मी कोपरापर्यंत काळा झालो आणि मला गाणं सुचायला लागलं. साडेचारला पंखा फिरला. पाच वाजता टँकर आला. बाबांनी पेटता बोळा आत सरकवला, कॉक हळूच फिरवला, आणि भट्टी अशी काही हंबरली की छपरावरचे पत्रे थरथरले! सासूबाई रडत होत्या, बाई रडत होत्या, मीही रडलो. आवाज इतका मोठा होता की कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं, हे बरंच झालं.

त्या आवाजात बाबा माझ्या कानाशी आले आणि ओरडले, "जाड तळाचे बूट आहेत ना?"

"विहिरीवरचे आहेत!"

"मग उद्या सकाळी सहाला. बाईंशी बोललोय, पंखा आणि पंप तुमच्याकडे. आणि इथे मला बाबा म्हणायचं नाही. उस्ताद म्हणायचं!"

"हो उस्ताद!" मी ओरडलो.