स्वतःच्या मुलीचं माप

टेलरबाई गेली चौदा वर्षं शाळेचे गणवेश शिवते. दुकान म्हणजे दोन मशिनं, कापायचं टेबल, आरसा आणि माप घ्यायला पडद्याआडचा कोपरा. प्रत्येक मुलीची उंची, छाती, कंबर वहीत, तारखेसकट. पोरी वाढणारच, म्हणून शिलाईत आतून दोन बोटं जास्तीचं कापड. घट्ट झाला की आणा, उसवून सैल करून देते, असं ती सगळ्या आयांना ठासून सांगते.

तिची स्वतःची मुलगी दुसरीत, साडेसात वर्षांची. तिचं माप मात्र कधी घेतलंच नाही. घरचीच पोर, नजरेनेच बेतायचं. वर्षात तीनदा फ्रॉक छातीत घट्ट झाला, तीनदा बाईने उसवला. वर पुन्हा कौतुक, "खाल्लेलं अंगी लागतंय हो!" पोरगी भर उन्हात स्वेटर काढेना, पोक काढून चालायला लागली, तेव्हा कुठे हिच्या डोक्यात प्रकाश पडला, की पोरीचं अंग वयाआधीच भरतंय.

डॉक्टरीणबाईंनी हाताचा एक्स-रे काचेवर लावला. "मुलगी साडेसातची आणि हाडं साडेदहाची. असंच चाललं तर वर्षभरात पाळी येईल. आज वर्गात उंच दिसतेय, पण उंची लवकर थांबेल. हे थांबवायला महिन्याला एक इंजेक्शन द्यायचं. योग्य वय झालं की बंद, मग सगळं आपोआप सुरू होतं. पण उशीर नको. वर्षापूर्वी उंची किती होती हिची?"

टेलरबाईच्या दुकानातल्या वहीत दोनशे पोरींची उंची होती, त्यांतल्या निम्म्यांची तर तोंडपाठ.

"नाही लिहिली," ती म्हणाली. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

घरी निराळीच तऱ्हा. नणंद म्हणाली, "मुलगी आज ना उद्या मोठी होणारच की. त्याला सुया कसल्या टोचता? पुढे मूलबाळ झालं नाही म्हणजे?"

"तसं काही होत नाही, वन्सं. मी विचारलंय डॉक्टरांना."

"डॉक्टरांना काय कळतंय!"

नवऱ्याने पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "तुला योग्य वाटेल ते कर," म्हणून अंग काढून घेतलं. म्हणजे चांगलं झालं तर सगळ्यांचं, वाईट झालं तर हिच्या माथी. असा संताप आला तिला! त्या घोळात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी कुणाला काही न विचारता तिने दुकानाला कुलूप घातलं आणि मुलीला घेऊन दवाखाना गाठला.

नर्स औषध भरत होती. पोरगी पलंगाच्या कडेला बसली होती, अंगात स्वेटर तसाच.

"आई, हे घेतलं की मी परत बाकीच्या मुलींसारखी होणार?"

"लगेच नाही गं. त्या तुझ्याएवढ्या होईपर्यंत तू थांबायचं."

पोरीने थोडा विचार केला. "मग आधीच का नाही आणलंस?"

नणंदेसाठी तिने वाटेत दहा उत्तरं तयार केली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता. तिने पोरीचा हात धरला आणि नर्सला म्हणाली, "द्या तुम्ही."