तानबाचे उंदीर

तानबा सकाळी नऊला प्राणीगृहात शिरतो. आधी आंघोळ, मग हिरवा एप्रन, टोपी, हातमोजे. तानबाचा रोग उंदरांना लागू नये म्हणून हे सगळं. संध्याकाळी पुन्हा आंघोळ, उंदरांचा वास तानबाला लागू नये म्हणून. एकवीस वर्षं हे चाललं आहे. अल्लीपूर गावात त्याच्याइतका स्वच्छ माणूस नाही असं लोक म्हणतात.

विद्यापीठाच्या औषध विभागात तो पांढऱ्या उंदरांना दाणापाणी करतो. पिंजऱ्यातलं तूस बदलतो, वजन घेतो. प्रयोगाच्या दिवशी उंदीर धरतो. मानेची कातडी चिमटीत, शेपटी करंगळीखाली. विद्यार्थ्यांचे हात थरथरतात आणि उंदीर चावतो. तानबानं धरला की चावत नाही. सुई विद्यार्थी देतात. शेवटची सुईही तेच देतात.

त्याची बायको कोकिळा महानुभाव घरातली. लग्नाआधी तिच्या बापानं एकच अट घातली होती. जावयानं पंथाचा उपदेश घ्यावा. तानबानं घेतला. मांस खायचं नाही, जीव मारायचा नाही. घरात मुंग्या निघाल्या तर कोकिळा पिठाची रेघ ओढून त्यांना अंगणात नेऊन सोडते.

नोकरी लागली तेव्हा त्यानं तिला सांगितलं, उंदरांना दाणापाणी करतो. ते खरंच होतं. सुई आपण देत नाही, फक्त धरतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. ती एकवीस वर्षं टिकली.

कोकिळा रोज विचारायची, "तुमचे लेकरं कसे हायेत?"

"बरे हायेत."

जे त्या दिवशी पिंजऱ्यात असत, ते बरे असतच. कोकिळा त्यांच्यासाठी फुटाणे बांधून द्यायची. बाहेरचं खाणं उंदरांना चालत नाही. फुटाणे तानबा एसटीत खायचा.

मग विभागात मंजुषा मॅडम प्रमुख म्हणून आल्या. लपवण्यासारखं काही नाही तर दार बंद कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ठरवलं, दारावर पाटी लावायची आणि एका शनिवारी गावकऱ्यांना आत बोलवायचं. पाटीचा मजकूर त्यांनी तानबाला दाखवला. त्यात 'प्रयोगान्ती प्राण्यांचा मानवीय पद्धतीने अंत' असं लिहिलं होतं.

"कसं वाटतं, तानबाजी?"

"गावात कोनाले समजन नाई, मॅडम."

"मग काय लिहू?"

"मारले, लिवा."

मॅडमनी आधीची ओळ खोडली. मग त्यांनी लिहिलं. 'मागच्या वर्षी आणलेले उंदीर चारशे बारा. मारले तीनशे नव्वद.' खाली कोणत्या आजाराच्या औषधासाठी किती, ते लिहिलं. पाटी तानबानंच ठोकली. सरळ आहे की नाही, ते लांब जाऊन पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी कोकिळा म्हणाली, "उद्या बचत गटाची गाडी तुमच्या कॉलेजात जाऊन राह्यली. शेजारच्या रुपानं माह्यं नाव देल्लं."

"ऊन लय हाय."

"गाडीले छत हाय."

शनिवारी प्राणीगृहाच्या दारात कोकिळा पोथी वाचते तशी, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून पाटी वाचत गेली. 'मारले' या शब्दावर बोट थांबलं. मागून रुपा म्हणाली, "आपन घरी सापळा लावतो, त्याची कोन पाटी लावते वं?" बायका हसल्या. कोकिळा हसली नाही.

"मॅडम, हे काय करतेत याच्यात?" तिनं तानबाकडे बोट केलं.

मॅडमना उत्तर माहीत होतं. त्या तानबाकडे पाहू लागल्या. दाणापाणी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पाटीवर तानबाचं नाव नव्हतं.

"मी धरतो," तानबा म्हणाला. "मरेपर्यंत."

"सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं नाई."

"मी रोज इचारत होती," कोकिळा म्हणाली.

दोन दिवस तिनं त्याला वाढलं नाही. स्वयंपाक करून ती बाजूला बसायची, तो आपल्या हातानं घ्यायचा. निवृत्तीला चार वर्षं होती. नोकरी सोडू का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, मग दुसरा कोणी धरेल, त्यानं उंदराचं काय भलं होणार. तिसऱ्या दिवशी ती भाकरी हातात घेऊन समोर बसली.

"आज किती?"

"चार."

तिनं भाकरी वाढली. "उद्यापासून मी इचारनार नाई. तुमी सांगजा. खरं सांगान तं वाढीन."

तेव्हापासून तो जेवायला बसला की आकडा सांगतो. कधी दोन. कधी सहा. एकही नाही म्हटलं की ती आधी त्याच्या तोंडाकडे पाहते, मग वाढते.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक मोठा प्रयोग संपला. एसटीत तानबानं मनातल्या मनात दहा म्हणून पाहिलं. पंधरा म्हणून पाहिलं. घरी येऊन हातपाय धुतले आणि पाटावर बसला.

"एकोणचाळीस."

कोकिळानं भाकरी वाढली, वरण वाढलं. मग स्वतःचं ताट झाकून ठेवलं आणि अंगणात जाऊन बसली. तानबानं वाढलेलं सगळं खाल्लं. त्याला वेळ लागला.