घंगाळातला खंडोबा

गुरांच्या डॉक्टरकीसाठी मनीने अर्ज भरला आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणाला सुखाचा घास गेला नाही. प्रवेशाचं आज कळेल, उद्या कळेल. चौकशीला फोन केला की पलीकडून म्हणायचे, "वाट पाहा." अहो, वाट पाहण्यावाचून आम्ही दुसरं करत काय होतो? जाणारी-येणारी विचारायची, "पोरीचं काय झालं?" आणि उत्तराला थांबायचीही नाहीत. माझ्या जाऊबाईंनी तर स्थळसुद्धा शोधून ठेवलं. दसऱ्यापर्यंत कळलं नाही तर पोरगी दाखवून टाकू म्हणाल्या. माझी पोर हसायची विसरली. राग मला सगळ्यांचाच होता, पण देवाचा सर्वांत जास्त. तिच्या बारावीचं अख्खं वर्ष मी खंडोबाचे रविवार धरले, ते काय या दिवसासाठी?

शेवटी मी देव पाण्यात ठेवले. आमच्या राणीसावरगावात माझ्या सासूनेही हेच केलं असतं. पितळी घंगाळ चिंचेने घासून भरलं, देव्हाऱ्यातले टाक त्यात बुडवले आणि खंडोबाला बजावलं, परभणीलाच प्रवेश पाहिजे, पोरीला शनिवारी घरी येता आलं पाहिजे. तोवर बाहेर निघायचं नाव काढू नकोस.

एका दुपारी आमच्या शेतातल्या आखाड्याशेजारच्या धनगरवस्तीवरून सोनामावशी धावत आली. "वहिनी, मेंढी अडलीय. पाणी द्या वं जरा." सकाळपासून लाईट नव्हती, बोअर बंद, हंडे पालथे. मी न्हाई म्हणाले. तेवढ्यात मनी देवघरात गेली. एकेक टाक पुसून पाटावर ठेवला आणि घंगाळ उचललं.

मी दारात आडवी झाले. "ते देवाचं पाणी हाय, मने. नवस मोडला तर प्रवेश हातचा जाईल."

"जाऊ दे. मेंढी मरायलीय, आई," ती म्हणाली आणि मला बाजूला सारून निघून गेली.

मी मागोमाग गेले ती तिला झापायलाच. लिंबाखाली मेंढी आडवी पडून कण्हत होती. मनीने हात धुतला, त्याला गोडं तेल लावलं, आत घातला आणि मागे दुमडलेला कोकराचा पाय हळूच सरळ केला. कोकरू बाहेर आलं ते निपचित. तिने त्याचं नाक-तोंड पुसलं, गोणपाटाने अंग चोळत राहिली. ते शिंकलं तेव्हा मनी हसली. मग तिने उरलेलं पाणी मेंढीपुढे ठेवलं आणि मेंढी ते घटाघटा प्यायली.

"माझं देवाचं पाणी," मी म्हणाले.

सोनामावशी मेंढीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आमच्या धनगराच्या बाणाईपायी ज्या खंडोबानं मेंढरं राखली, त्याचंच पाणी हाय न्हवं? मग मेंढीनं न्हाई तर कुणी प्यायचं? आता पुन्हा त्याला कोंडू नका, वहिनी."

मी बोलायला तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं. तो मेंढरांचा देव, आणि त्याच्या अंगावरचं पाणी मी अडल्या मेंढीला नाकारत होते, तेसुद्धा गुरांची डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरीच्या नावाने. घरी आल्यावर टाकांना भंडारा वाहिला आणि म्हणाले, "तुझं तू बघ."

पुढच्या आठवड्यात प्रवेश मिळाल्याचं कळलं. पण परभणीला नाही, रात्रभर एसटीने जावं लागेल इतक्या लांब. मी पुन्हा भडकले. जवळचं मागितलं होतं, एवढं साधं ऐकू येऊ नये? मनी मात्र दोन घास जास्त जेवली. ते पाहून मी तिची पिशवी भरायला घेतली.

पोर आता तिकडे शिकते आहे. मी रोज दिवा लावते आणि देवाशी भांडतेही, कारण ती दिवाळीखेरीज येत नाही. पण काय द्यायचं आणि कुठे द्यायचं, हे त्याला सांगणं मी सोडलं आहे. भांडण झालं की हात जोडते. माझी पोर पुन्हा हसते, एवढं त्याने माझ्या मनासारखं केलं.