पानफुटी, टाचणी आणि सरांची बढती

कॉलेजच्या बागेत एकतीस वर्षं राबलेल्या माळीकाकांना सगळे पाठीमागे ‘खुरपं’ म्हणत. त्यांची जीभच तशी. विभागप्रमुखांचा विषय निघाला की तिला आणखी धार चढे. “नाकाने कांदे सोलणारा माणूस,” ते बायकोला सांगत. “खिडकीतून तळं दिसतं, पण तळ्याकाठी कधी पाऊल ठेवलं नाही.”

त्याच सरांनी बढतीसाठी निबंधाला विषय घेतला तळ्याकाठचा: पानफुटी हे जाड पानांचं झाड आणि टाचणी हा काडीसारख्या अंगाचा किडा, यांची तुलना. तक्त्यात बत्तीस रकाने. पंख: पानफुटीला नाहीत. मुळं: टाचणीला नाहीत. एवढा शोध लावून सर महिनाभर खूश होते.

“तुलनाच करायची तर पाण्याची करा ना,” काका म्हणाले. “पानफुटी पानात साठवून कोरडे दिवस ढकलते. टाचणीला पाण्यावाचून अंडंही घालता येत नाही.”

“काका, तुम्ही कुंडी आणा.”

काकांनी कुंडी आणली. टाचणी मारून आणायला मात्र साफ नकार दिला. मग सरांनी व्हरांड्यात मेलेला एक किडा उचलला, तक्त्याशेजारच्या बोर्डावर टोचला आणि खाली ‘टाचणी’ अशी चिठ्ठी लावली. काकांना हसू आवरेना.

“सर, हा चतुर आहे. बसतानाही पंख पसरतो. आपल्याकडची टाचणी पाठीवर मिटून घेते. आणि याचे डोळे बघा, एकमेकांना चिकटलेत.”

“आता माळ्याने मला शिकवायचं?”

काका कुंडीला पाणी घालू लागले. बढती ठरवणारे पाहुणे आले, निबंध वाचला गेला, चतुर टाचणी म्हणून मिरवला. एकालाही शंका आली नाही. सरांची बढती झाली. गुच्छ काकांनीच बांधला होता.

“गाढवांचा बाजार नुसता!” घरी येऊन काका कडाडले.

बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, “आणि टाळ्या? तुम्ही वाजवल्यात की नाही?”

“वाजवल्या,” ते खाली बघत म्हणाले. त्या क्षणी त्यांना सरांपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.

सोमवारी त्यांनी बोर्डावरचं ‘टाचणी’ खोडून ठसठशीत ‘चतुर’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. सरांनी चिठ्ठी बदलली. काकांनी पुन्हा खोडलं. तिसऱ्या वेळी सरांनी शिपायाला बोलावून बोर्डच उतरवला.